पट्टा घेण्याआधी खिसा पाहा

मनगटावरचा फिटनेस बँड घ्यावा की फोनमधल्या फुकट ॲपवर भागवावं, हा प्रश्न बहुतेकजण अचूकतेच्या अंगाने सोडवू पाहतात. पैसे मोजून घेतलेलं यंत्र जास्त बरोबर मोजत असणार, अशी समजूत त्यामागे असते. पावलांपुरतं तरी तसं धरून चालण्याचं कारण नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये १४ निरोगी प्रौढांना ट्रेडमिलवर चालवून तुलना केली. ॲपची चूक कमी-जास्त दोन्हीकडे सात टक्क्यांच्या आत राहिली. एका पट्ट्याने मात्र वीस टक्क्यांहून जास्त पावलं गाळली. माणसं मोजकी होती आणि यंत्रं त्यानंतर सुधारली, हे मान्य. पण कॅलरींचा घोळ त्याहून मोठा. स्टॅनफर्डमध्ये २०१७ साली ६० जणांवर सात यंत्रं तपासली गेली. नाडीच्या ठोक्यांत सहा यंत्रं पाच टक्क्यांच्या आत उतरली, तरी खर्च झालेल्या कॅलरी सांगताना सर्वांत चांगलं यंत्रसुद्धा सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं. त्या आकड्याच्या भरवशावर जास्तीचा वडापाव खाऊ नये, एवढं त्यावरून नक्की म्हणता येतं.

खरा प्रश्न आकडा बघून माणूस चालतो का, हा आहे. पिट्सबर्ग विद्यापीठाच्या २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात वजन जास्त असलेल्या ४७१ तरुणांना आहार-व्यायामाचा कार्यक्रम दिला आणि सहा महिन्यांनी निम्म्यांना अंगावर बाळगायचं यंत्र दिलं. दोन वर्षांअखेर यंत्रवाल्यांचं वजन सरासरी साडेतीन किलोंनी उतरलं होतं. आपल्या व्यायामाची नोंद स्वतः करणाऱ्यांचं ५.९ किलोंनी. पैसे खर्च झाले की ते वसूल करायला तरी माणूस चालेल, असं यावर कुणी म्हणेल. सिंगापूरमध्ये ८०० नोकरदारांवर झालेल्या प्रयोगात यंत्र फुकटच दिलं होतं, पण काहींना चालण्याबद्दल रोख बक्षीसही होतं. तरी पैशाचा जोर टिकला नाही: बक्षीस थांबलं तसं चालणंही ओसरलं, आणि वर्षभराने यंत्र वापरणारे दहातला एक इतकेच उरले. याउलट अनेक अभ्यासांच्या २०२२ मधल्या एकत्रित आढाव्यात अशा साधनांमुळे रोज सुमारे १८०० पावलं वाढतात असं दिसलं. हा आक्षेप वजनदार आहे आणि तो मी नाकारत नाही. मात्र त्या आढाव्यात साधे पेडोमीटरही धरलेले होते. म्हणजे श्रेय महागड्या पडद्यापेक्षा आकडा डोळ्यांसमोर असण्याला जास्त जातं, आणि तेवढं काम खिशातला फोन आधीच करतो आहे. म्हणून दोन-तीन महिने ॲपवर चालून पाहावं, सवय टिकली तरच दुकानात जावं, असं माझं मत.

याला दोन अपवाद आहेत. पहिला हृदयाचा. चार लाखांहून अधिक लोकांवर झालेल्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्मार्टवॉचने सुमारे अर्ध्या टक्क्याला अनियमित ठोक्यांची सूचना दिली. त्यांतल्या ज्यांनी छातीवर पट्टी लावून पुढची तपासणी पूर्ण केली, त्यांच्यापैकी साधारण एक तृतीयांश जणांत दोष सापडला. डॉक्टरांनी ठोक्यांवर लक्ष ठेवायला सांगितलेल्या माणसाने घड्याळ जरूर घ्यावं. दुसऱ्या अपवादाची चर्चा क्वचितच होते. ॲप फक्त फोन अंगावर असेल तेव्हाच मोजतं. पँटच्या खिशात दिवसभर फोन ठेवणाऱ्याला याचा पत्ताही लागत नाही. साडीतल्या किंवा बिनखिशाच्या कुर्त्यातल्या बाईचा फोन ओट्यावर पडलेला असतो. गच्चीवर कपडे वाळत घालण्यापासून दळण आणण्यापर्यंतची तिची पावलं हिशेबात येतच नाहीत. पट्ट्याची खरी गरज तिला आहे. घरात तो आधी कुणासाठी घेतला जातो, हे वेगळं सांगायला नको.

फुकट ॲप आपली माहिती विकतं, त्यापेक्षा पट्टा बरा, असंही सांगितलं जातं. ॲपबद्दलची भीती रास्त आहे: मासिक पाळीच्या नोंदी ठेवणाऱ्या ‘फ्लो’ने वापरकर्त्यांची माहिती इतर कंपन्यांना दिल्याचं प्रकरण अमेरिकेत २०२१ मध्ये तडजोडीने मिटलं. पण पट्टाही त्याच्या कंपनीच्या ॲपशी जोडल्याशिवाय फारसा उपयोगाचा नसतो. व्यायामाची नोंद ठेवणाऱ्या ‘स्ट्राव्हा’ ॲपच्या नकाशावर २०१८ मध्ये लष्करी तळ उघडे पडले, तेव्हा त्यात मनगटावरच्या यंत्रांची नोंदही होती. पैसे देऊन खासगीपण विकत मिळत नाही.

आता आपल्याकडे काही आरोग्यविमा कंपन्या ठरावीक पावलं चालणाऱ्यांना हप्त्यात सवलत देऊ लागल्या आहेत. इथे मात्र मोजणीतली चूक स्वतःपुरती राहत नाही, तिचे रुपये होतात. दिवसभर राबूनही फोनमध्ये हजारभर पावलं दिसणाऱ्या बाईला सवलत कुठल्या आधारावर नाकारायची? अशी योजना चालवायची असेल, तर पट्टा विमा कंपनीने स्वतःच्या खर्चाने द्यावा आणि त्यातले आकडे हप्ता वाढवायला वापरणार नाही, हे पॉलिसीच्या कागदावर लिहून द्यावं.