रक्तांतील जस्त

छपराच्या पत्र्यावर ज्याचा मुलामा असतो तेंच जस्त आपल्या रक्तांतहि आहे, हें कित्येक वाचकांस नवल वाटेल. शरीरांत अन्न जळून उत्पन्न होणारा कार्बन डायऑक्साइड वायु बहुतांशीं पाण्याशीं मिळून बायकार्बोनेटच्या रूपानें फुप्फुसांकडे जातो व तेथें पुन्हा वायु होतो. ही क्रिया आपण होऊन घडावयाची तर कित्येक सेकंद जातील. रक्त तर तेथील केशवाहिनींतून सुमारें एका सेकंदांत पार होतें! मग श्वास सुटावा कसा? हें काम कार्बनिक ॲनहायड्रेज हें एन्झाइम करितें. त्यांत जस्त आहे, हें केम्ब्रिज येथें कैलिन व मान यांनीं १९४० च्या सुमारास दाखविलें.

तीन हिस्टिडीनांनीं धरलेला जस्ताचा धनभारित कण पाण्याचा एक रेणु जवळ ओढतो. त्यामुळें त्यांतील एक हायड्रोजन सहज सुटतो. उरलेला हायड्रॉक्साइड वायूवर तुटून पडतो, बायकार्बोनेट होऊन निघून जातें आणि रिकाम्या जागीं नवें पाणी येतें. सेकंदास सुमारें १० लक्ष वेळां! जस्त मात्र खर्चत नाहीं. नैयायिक यास कुंभाराच्या चाकाप्रमाणें निमित्तकारण म्हणतील. पण चाक मातीस असें बांधून घेत नाहीं, म्हणून आम्हांस तो दृष्टान्त अपुरा वाटतो. काचबिंदूवर देतात तें ॲसेटाझोलामाइड औषध नेमकें याच जस्तास जाऊन चिकटतें, आणि डोळ्यांत पाणी कमी झरूं लागतें.