जाहीर इशारा : घारापुरीच्या किनाऱ्याचा हिशेब द्या

प्रति : न्हावा शेव्याला ये-जा करणाऱ्या सर्व जहाज कंपन्या, त्यांचे मुंबईतील एजंट, जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरण आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ.

दुबईतल्या अल क्वोजच्या गोदामांत आम्ही उरण, पनवेल, अलिबागकडची माणसे कामाला आहोत. न्हावा शेव्याला भरलेले कंटेनर जेबेल अलीला उतरतात आणि त्यातला माल आमच्या हातांनी रॅकवर चढतो. कोणता कंटेनर कोणत्या कंपनीच्या जहाजातून आला, हे आम्ही रोज कागदावर वाचतो. तेव्हा ‘जहाज कुणाचे ते समजले नाही’ हे उत्तर यापुढे आम्हाला देऊ नये.

घारापुरी बेटावर शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर अशी तीन गावे आहेत. १९८७ पासून तिथली लेणी जागतिक वारसा आहेत. पर्यटक लेणी पाहून परततो. खाली खाजणात खारफुटीच्या मुळांना काय चिकटले आहे, ते पाहायला कुणी थांबत नाही.

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराबाहेर ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ या जहाजांची टक्कर झाली. सुमारे ८०० टन तेल सांडले, शेकडो कंटेनर पाण्यात पडले, काहींत कीटकनाशके होती. तवंग घारापुरी, उरण, अलिबागच्या खारफुटीत शिरला आणि मासेमारी बंद पडली. वर्षभरातच, ४ ऑगस्ट २०११ ला, ६० हजार टन कोळसा घेऊन ‘रॅक कॅरियर’ मुंबईजवळ बुडाले. त्याबद्दल राष्ट्रीय हरित लवादाने १०० कोटींची भरपाई ठोठावली ती २०१६ मध्ये. मे २०२५ मध्ये केरळजवळ ‘एमएससी एल्सा-३’ ६४० कंटेनरसह बुडाले. चित्रा आणि रॅक कॅरियरवर झेंडा पनामाचा होता, एल्सावर लायबेरियाचा. झेंडा एकाचा, मालकी दुसऱ्याची, एजंट तिसरा. तेल मात्र कोळ्याच्या दारात.

अपघात अधूनमधून होतो, पण नुकसान बारमाही चालते. जहाजांसाठी मार्ग खोल करताना गाळ उपसला जातो, पाणी गढूळ होते आणि तो गाळ बसतो तिथे कालवे, शिंपल्या गुदमरतात. जहाजाच्या तळातले तेलकट पाणी गुपचूप समुद्रात सोडले, तर त्याचा डाग ओहोटीला किनाऱ्यावर उरतो.

आमच्या मागण्या :

१. तिन्ही गावांच्या किनाऱ्यावरचे पाणी, गाळ आणि खारफुटी यांची तपासणी करा. निष्कर्ष मराठीत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा.

२. तेल अडवणारे तरंगते बांध बेटावरच ठेवा. ते टाकायला स्थानिक तरुणांना शिकवा आणि त्या कामाचा पगार द्या.

३. कोणत्या जहाजाने किती तेलकट पाणी बंदरात जमा केले, ते दरमहा जाहीर करा.

४. गाळ उपसण्याचे वेळापत्रक कोळीवाड्यांना आधी कळवा. जाळी बंद ठेवावी लागतील तितक्या दिवसांची भरपाई द्या.

मुदत : येत्या नारळी पौर्णिमेपर्यंत. लेखी उत्तर हवे. बैठकीचे आमंत्रण हे उत्तर धरले जाणार नाही.

मुदत टळली तर गावातले आमचे भाऊबंद लवादाच्या पुणे खंडपीठात अर्ज करतील. वकिलाचा खर्च आम्ही इथल्या पगारातून पाठवू. ज्या कंपन्या उत्तर देणार नाहीत त्यांची नावे कोकणातल्या प्रत्येक कोळीवाड्यात लावू, आणि आमचे घरी जाणारे सामान त्यांच्या जहाजात चढणार नाही.

ही पोकळ धमकी समजू नका. याच लवादाने २७ फेब्रुवारी २०१५ रोजी न्हावा शेव्याच्या बंदरविस्तारात मासेमारी गमावलेल्या १,६३० कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख रुपये देण्याचा आदेश दिला होता. तो लढा कोळ्यांनीच दिला होता.

नारळी पौर्णिमेनंतर आमच्याकडून विनंती येणार नाही, नोटीस येईल.