क्लच निवडा टॉर्क पाहून!

दिवाळीच्या सुट्टीत अहमदपूरला गेलो. दादाने टर्बो डिझेल गाडी रिमॅप करून ताकद वाढवलेली. लातूरच्या रस्त्याला उसाची ट्रॉली ओव्हरटेक करताना इंजिन ओरडलं, वेग मात्र वाढेना. समोरून ट्रक! कसेबसे मागे सरलो. क्लच घसरत होता.

"ट्रॅक्टरसारखी सिरॅमिक प्लेटच टाकतो," दादा म्हणाला. मी अडवलं. क्लचची क्षमता म्हणजे घर्षणांक, दाब, सरासरी त्रिज्या आणि घर्षणाच्या बाजू यांचा गुणाकार. सिरॅमिकने घर्षणांक वाढतो, पण बसस्टँडच्या गर्दीत हाफ क्लचवर गाडी झटके खाते. माझ्या मते रोजच्या गाडीला ऑरगॅनिक प्लेट आणि जादा दाबाची प्रेशर प्लेट बरी. पेडल जरा जड होईल, एवढंच. मात्र वाढलेला टॉर्क आधी मोजा, वर थोडी शिल्लक धरा.

पेपरात हे सूत्र आपण सगळेच लिहितो. निदान घरच्या गाडीला तरी लावू या!