वसईच्या समुद्रातला गॅस आणि परदेशातला भाव

ग्वाल्हेरच्या बिर्लानगर, हजीरा, तानसेन नगर आणि लष्करातील सर्व मराठी कुटुंबांसाठी जाहीर पत्रक



युरोपातील गॅसच्या पाइपलाइनींवर बिर्लानगरात पत्रक काढणारे हे शहाणे कोण, असे काही जण विचारतील. जेसी कापड गिरणीच्या भोंग्यावर ज्यांची घड्याळे चालायची, त्याच घरांतले आम्ही. आपल्या पोटापाण्याचे निर्णय दूर कुठेतरी होतात आणि आपल्याला ते फाटकावर लावलेल्या नोटिशीतून कळतात, हे या वस्तीला नव्याने सांगायला नको. गॅसच्या बाबतीत तर अशी नोटीसही कोणी लावली नाही. म्हणून हा खटाटोप.

आधी गॅस येतो कुठून ते पाहू. मुंबईच्या पश्चिमेला समुद्रात ओएनजीसी या सरकारी कंपनीचे वायुक्षेत्र आहे. वसईचे इंग्रजी नाव घेऊन त्याला ‘बसीन’ म्हणतात. तिथला गॅस समुद्राखालच्या नळाने सुरतजवळच्या हजीऱ्याला येतो. (आपला हजीरा चौक नव्हे. तिथे गॅसपेक्षा धूर जास्त.) तिथून एचव्हीजे, म्हणजे हजीरा–विजयपूर–जगदीशपूर ही पाइपलाइन निघते. ती टाकण्यासाठीच 1984 साली गेल ही सरकारी कंपनी काढली गेली. यातले विजयपूर आपल्या शेजारचे, गुना जिल्ह्यातले. तिथे नॅशनल फर्टिलायझर्सचा युरियाचा कारखाना आहे आणि गेलचा एलपीजी काढणारा प्रकल्पही आहे. आपल्या शहरात गॅस वाटणारी अवंतिका गॅस ही कंपनी गेल आणि हिंदुस्थान पेट्रोलियम यांनी मिळून काढलेली. म्हणजे समुद्र आपला, विहीर सरकारी कंपनीची, नळ सरकारी कंपनीचा आणि दुकानही बहुतांशी सरकारीच. मग भाव कुणाचा?

1 नोव्हेंबर 2014 पासून या गॅसचा भाव एका सूत्राने ठरू लागला. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन आणि रशिया या चार बाजारांतल्या मागच्या काळातील दरांची सरासरी काढायची आणि दर सहा महिन्यांनी तो आकडा आपल्या विहिरीला चिकटवायचा. ओएनजीसीला गॅस काढायला काय खर्च येतो, हा प्रश्न त्या सूत्रात कुठेच नव्हता. ब्रिटनमध्ये थंडी किती पडली, हा मात्र होता.

आता तारखा लक्षपूर्वक वाचा. ऑक्टोबर 2021 मध्ये हा भाव होता एमएमबीटीयूला 2.90 डॉलर. (एक एमएमबीटीयू म्हणजे साधारण दीड घरगुती सिलिंडरची उष्णता.) एप्रिल 2022 मध्ये तो 6.10 झाला आणि ऑक्टोबर 2022 मध्ये 8.57. बारा महिन्यांत जवळजवळ तिप्पट! या बारा महिन्यांत वसईचा समुद्र तिप्पट खोल झाला का? विहिरीवरच्या कामगाराचा पगार तिप्पट झाला का?

झाले ते तिकडे. रशियाचा स्वस्त गॅस बाल्टिक समुद्राखालून थेट जर्मनीत आणणारी नॉर्ड स्ट्रीम ही पाइपलाइन 2011 साली सुरू झाली. वर्षाला 55 अब्ज घनमीटरची तिची क्षमता. तेवढीच दुसरी लाइन 2021 मध्ये बांधून तयार झाली. 2021 च्या उत्तरार्धात रशियाने युरोपला हात आखडता घेऊन गॅस द्यायला सुरुवात केली आणि भाव चढू लागले. 22 फेब्रुवारी 2022 ला जर्मनीने दुसऱ्या लाइनची परवानगी थांबवली, दोनच दिवसांनी रशियन रणगाडे युक्रेनमध्ये घुसले आणि 26 सप्टेंबरला दोन्ही लाइनींवर समुद्रतळाशी स्फोट झाले. ते कुणी केले यावर तिकडे अजून वाद चालू आहे. त्याआधी ऑगस्टमध्येच युरोपातला घाऊक भाव मेगावॅट-तासाला 340 युरोंच्या आसपास जाऊन आला होता. आपल्या मापाने जवळजवळ शंभर डॉलर. 2020 च्या उन्हाळ्यात हाच भाव दहा युरोंच्याही खाली होता.

श्रीमंताच्या घरी दिवाळे निघत नाही, तो शेजाऱ्याच्या ताटातले उचलतो. युरोपने जगभरचा द्रवरूप गॅस, म्हणजे एलएनजीची जहाजे, वाटेल त्या भावाने आपल्या बंदरांकडे वळवली. जुलै 2022 मध्ये पाकिस्तानने दहा जहाजांची निविदा काढली, तर एकही विक्रेता फिरकला नाही. त्याच महिन्यात बांगलादेशाने खुल्या बाजारातली खरेदी थांबवली आणि तिथे भारनियमन सुरू झाले.

आणि आपण? आपल्याकडे तर पक्का करार होता. गेलने 2012 मध्ये रशियाच्या गॅझप्रॉमच्या सिंगापूर शाखेशी वीस वर्षांचा करार केला, 2018 पासून जहाजे येऊ लागली. एप्रिल 2022 मध्ये जर्मन सरकारने गॅझप्रॉमची जर्मन कंपनी आपल्या देखरेखीखाली घेतली. सिंगापूरची शाखा तिच्याच पोटातली, त्यामुळे तीही गेली. मे महिन्यात मॉस्कोने त्या कंपनीवरच निर्बंध घातले. बर्लिन म्हणते मॉस्कोने अडवले, मॉस्को म्हणते बर्लिनने हिसकावले. आणि आपली जहाजे मात्र येईनात. गेलला खत कारखान्यांचा पुरवठा कापावा लागला, औरैयाजवळचा स्वतःचा पाता प्रकल्प मंद चालवावा लागला. पुढे गेलने लंडनच्या लवादात 1.8 अब्ज डॉलरपर्यंतचा दावा लावला आणि जानेवारी 2025 मध्ये तडजोड झाली ती 28.5 कोटी डॉलरवर. रुपयात सोळा पैसे वसूल. याला काही लोक मुत्सद्देगिरीचा विजय म्हणतात, म्हणोत बापडे.

गॅस कापला म्हणून शेतकऱ्याची युरियाची गोणी महागली नाही, हे खरे. ती 45 किलोला 266 रुपये 50 पैशांनाच मिळाली. पण फरक कुणी भरला? 2022–23 मध्ये खतांचे अनुदान अडीच लाख कोटी रुपयांवर गेले, अर्थसंकल्पात धरले होते सव्वा लाख कोटींहूनही कमी. हा पैसा दिल्लीच्या टांकसाळीतून नाही, तुमच्या-आमच्या करातून गेला.

महाराष्ट्रातल्या आपल्या नातेवाइकांनी हा धडा आधीच गिरवला आहे. दाभोळला एन्रॉन आली तेव्हाही डॉलरशी आणि परदेशी इंधनाशी बांधलेला वीजदर ‘आधुनिक’ म्हणूनच विकला गेला होता. ती वीज घेता घेता वीज मंडळ आडवे झाले आणि मे 2001 मध्ये खरेदी थांबवावी लागली. माधव गोडबोले समितीने त्या व्यवहाराची चिरफाड केली. तो अहवाल ज्यांनी वाचायचा त्यांनी तो बहुधा रद्दीत घातला असावा, नाहीतर तेरा वर्षांनी आपल्याच समुद्रातल्या गॅसला परदेशी भाव बांधण्याची बुद्धी झाली नसती.

आता म्हणतील, सूत्र तर बदलले की! बदलले. किरीट पारीख समितीच्या अहवालानंतर 8 एप्रिल 2023 पासून चार बाजारांची सरासरी गेली आणि नवे सूत्र आले: आपण आयात करतो त्या कच्च्या तेलाच्या किमतीच्या दहा टक्के. खाली 4 डॉलर, वर 6.50 डॉलर अशी मर्यादा. ही मर्यादा नसती तर त्याच महिन्यात भाव 7.92 डॉलर पडला असता. मर्यादा घातली हे चांगलेच केले, आम्ही ते मोकळेपणाने म्हणतो. पण मर्यादा दोन वर्षांनंतर दरवर्षी पाव डॉलरने वर सरकणार, एप्रिल 2025 मध्ये ती 6.75 झालीच. जुन्या क्षेत्रात नवी विहीर खोदली की त्या गॅसला वीस टक्के जास्त, आणि त्याला ही वरची मर्यादाही नाही. मूळ रोग तसाच आहे. पूर्वी आपला गॅस ब्रिटनच्या थंडीला बांधला होता, आता रियाध आणि मॉस्को मिळून तेल किती उपसायचे ठरवतात त्याला बांधला आहे.

मर्यादेतला स्वस्त गॅस सगळ्यांना पुरतो असेही नाही. 16 ऑक्टोबर 2024 ला आणि पुन्हा 16 नोव्हेंबरला शहरी गॅस कंपन्यांचा सीएनजीसाठीचा स्वस्त गॅसचा वाटा कापण्यात आला. जानेवारीत थोडा परत दिला. उरलेली तूट महाग गॅसने भरायची. त्यावर सीएनजीला 14 टक्के केंद्रीय अबकारी आणि राज्याचा व्हॅट, कारण नैसर्गिक वायू अजून जीएसटीच्या बाहेर आहे. घरच्या सिलिंडरला 5 टक्के जीएसटी आणि ऑटोवाल्याच्या सीएनजीला हा दुहेरी कर. ऑटोवाल्याने दहा रुपये वाढवून मागितले की आपण त्याच्याशी भांडतो. त्याच्याशी किंवा पंपावरच्या पोराशी भांडून उपयोग नाही. शहरातल्या कंपनीला गॅस ज्या भावाने पडतो, त्याच्या खाली तीही विकू शकत नाही.

‘भाव पाडला तर ओएनजीसी नवी विहीर खोदणार कशाला?’ हा प्रश्न रास्त आहे, टाळण्यासारखा नाही. जुन्या सूत्राने 2020–21 मध्ये भाव 1.79 डॉलरवर आणला होता, तेव्हा ओएनजीसी खर्चही निघत नाही म्हणून ओरडत होती आणि ती खोटे बोलत नव्हती. म्हणजे परदेशी बाजाराला बांधलेला भाव कधी ग्राहकाला मारतो, कधी विहीरवाल्याला. आम्ही फुकट गॅस मागत नाही. विहिरीचा खरा खर्च, त्यावर ठरावीक नफा, नव्या शोधासाठी वेगळी तरतूद, एवढा भाव द्यायला आमची ना नाही. खोल समुद्रातल्या अवघड विहिरींना वेगळी, जास्त किंमत आजही मिळतेच. मग जुन्या, उथळ, कधीच पैसा फिटलेल्या विहिरींचा हिशेब उघड करायला अडचण कोणती?

मुक्त बाजाराचे धडे देणाऱ्यांनी युरोपने स्वतः काय केले तेही सांगावे. सप्टेंबर 2022 मध्ये जर्मनीने ग्राहक आणि उद्योगांना वाचवायला 200 अब्ज युरोंची तरतूद जाहीर केली. डिसेंबरमध्ये युरोपीय संघाने गॅसच्या भावावर 180 युरोंची कमाल मर्यादा ठरवली. विल्हेल्म्सहाफेनला तरंगते एलएनजी बंदर वर्षाच्या आत उभे केले. जीवावर बेतले तेव्हा त्यांनी बाजार खुंटीला टांगला. आपण मात्र त्यांच्या बाजाराचा भाव निमूटपणे भरत होतो.

आमची मागणी एकच आहे. मध्य प्रदेशात विजेचा दर वाढवायचा तर वीज नियामक आयोगाला लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात, जनसुनावणी घ्यावी लागते. गॅससाठी 2006 चा कायदा आहे, पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळही आहे, पण ते पाइपलाइनचे भाडे ठरवते. विहिरीतल्या गॅसच्या भावावर त्याचा अधिकार नाही. तो अधिकार मंडळाला द्या. ओएनजीसीने जुन्या विहिरींचा खर्च मंडळापुढे मांडावा, त्यावर उघड सुनावणी व्हावी आणि भाव त्यातून ठरावा. कच्च्या तेलाशी असलेली गाठ सोडा.

हे पत्रक वाचून झाल्यावर घडी करून कपाटात ठेवू नका. एक पोस्टकार्ड पेट्रोलियम मंत्रालय, नवी दिल्ली येथे आणि एक आपल्या खासदारांच्या नावे पाठवा. मजकूर दोन ओळींचा पुरे: देशातल्या जुन्या विहिरींच्या गॅसचा भाव खर्चावर ठरवा आणि त्यासाठी जनसुनावणी घ्या. मराठीत लिहिले तरी चालेल, हिंदीत लिहिले तर लवकर वाचले जाईल.

बिर्लानगर, ग्वाल्हेर येथील काही गॅसग्राहक