माळ्यावरचे तुणतुणे

आंबेडकरी जलशांनी बाबासाहेबांचा विचार वस्तीवस्तीत पोहोचवला. वामनदादा कर्डक (१९२२-२००४) गावोगाव गात फिरले. जलशांच्या साथीची जुनी तुणतुणी काही घरांत माळ्यावर धूळ खात पडली आहेत. वाचकहो, ती भंगारात देऊ नका, असे आम्ही कळकळीने सांगतो. तुणतुण्याची दुरुस्ती अवघड नाही. तार एकच, ती तळाच्या कातड्यातून निघून वर दांडीच्या खुंटीला जाते. तार गंजली तर बदलावी. खुंटी सरकत असेल तर तिला खडू चोळावा. कातडे फाटले तर ढोलकी मढवणाऱ्याकडून नवे बसवून घ्यावे. मात्र जुन्या लाकडावर कोरलेले नाव घासू नये. कित्येक गायकांची नावे कोणत्याच पुस्तकात नाहीत, ती तेवढी तिथेच उरली आहेत. आणि दुरुस्त झालेले तुणतुणे भिंतीवर टांगू नये, पोरांच्या हाती द्यावे.