पिंजरा आणि रात्रीची लाईट

2025च्या नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडच्या बायका गळ्यात खिळ्यांचे पट्टे बांधून शेतात जाऊ लागल्या. असा पट्टा आजवर धनगराच्या कुत्र्याच्या गळ्यात दिसायचा, कारण बिबट्या आधी नरडं धरतो. त्याआधीच्या तीनेक आठवड्यांत त्या परिसरात दोन मुलं आणि एक म्हातारी बिबट्याने नेली होती. लोकांनी महामार्ग अडवला, वनखात्याची गाडी पेटवली. शेवटी एका बिबट्याला गोळी घातली गेली.

ज्याचं लेकरू गेलं त्याच्या रागाशी वाद घालायला मी बसलेलो नाही. माझा वाद आहे तो या रागाच्या पाठीवर बसून येणाऱ्या उपायांशी. त्यातला सगळ्यांत लाडका उपाय म्हणजे पिंजरे लावा, बिबटे धरा आणि ‘त्यांच्या’ जंगलात नेऊन सोडा.

कुठलं त्यांचं जंगल? कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, कालव्याचं पाणी आलं आणि जुन्नर, आंबेगाव, शिरूरच्या शिवारात ऊस उभा राहिला. अडसाली ऊस दीड वर्ष हलत नाही. आत गारवा, शेजारी पाणी, बाहेर वस्तीवरची कुत्री. मादी फडातच विते. तोड सुरू झाली की कोयत्यापुढे पिल्लं निघतात, मग ती खोक्यात ठेवून रात्री आईची वाट पाहायची, हे आता दर हंगामाचं काम होऊन बसलं आहे. या पिल्लांनी जंगल पाहिलेलंच नसतं. त्यांना उचलून डोंगरात सोडायचं याला आपण ‘घरी पाठवणं’ म्हणतो.

आणि हा प्रयोग करून झाला आहे. बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्नरच्या नोंदी तपासल्या. 1993 ते 2001 या काळात माणसांवर वर्षाला सरासरी 4 हल्ले होत होते. मग 29 बिबटे पकडून सरासरी 40 किलोमीटरवरच्या जंगलांत सोडले. हल्ले वर्षाला 17 वर गेले, आणि जीवघेण्या हल्ल्यांचं प्रमाण 18 टक्क्यांवरून 36 टक्के झालं. जिथे सोडले तिथेही माणसांवर हल्ले सुरू झाले. यात नवल नाही. अनोळखी मुलुखात टाकलेलं जनावर बिथरतं किंवा परत फिरतं, आणि इकडे त्याची मोकळी झालेली हद्द धरायला दुसरा, बहुधा तरणा आणि अडाणी बिबट्या येतो. ‘आजोबा’ हे नाव मिळालेला बिबट्या 2009 साली टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढून, गळ्यात पट्टा घालून माळशेजला सोडला होता. तो शंभरावर किलोमीटर चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत गेला. त्याच्यावर सिनेमा निघाला. सोडलेलं जनावर सोडल्या जागी राहत नाही, एवढी गोष्ट मात्र आपण त्या सिनेमातून घेतली नाही.

शहरातल्या प्राणिमित्रांचं म्हणणं याच्या अगदी उलट: माणसाने बिबट्याचं घर बळकावलं. हेही तितकंच पोकळ. शिरूरच्या त्या जमिनीवर आधी ज्वारी-बाजरी होती, जंगल नव्हतं. तिथे शेतकरी घुसखोर ठरत नाही. बाल्कनीतून असा निकाल देणाऱ्याने एक रात्र उसाला पाणी भरून पाहावं.

उपायांच्या यादीत त्यानंतर आल्या शेळ्या. विधिमंडळाच्या नागपूर अधिवेशनात वनमंत्र्यांनी हिशेब मांडला, की चार मृत्यूंची भरपाई एक कोटी होते, त्यापेक्षा तेवढ्याच्या शेळ्या जंगलात सोडा म्हणजे बिबटे गावात येणार नाहीत. हिशेब ऐकायला गोड आहे. पण बिबट्या उसात असताना शेळी जंगलात कोणासाठी? शिवाय शेळी हे त्याचं मुख्य अन्नही नव्हे. अकोले तालुक्यात बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास झाला, त्यात खाल्लेल्या वजनापैकी 39 टक्के कुत्री निघाली. शेळ्या अवघ्या 11 टक्के, आणि त्या भागात शेळ्या कुत्र्यांच्या सातपट होत्या. शेळीला राखण असते, रात्री ती आत असते. उकिरड्यावरच्या कुत्र्याला राखण नाही. सगळी मेख इथे आहे.

आणखी एक उपाय सुचवला जातो, बिबट्यांच्या निर्बीजीकरणाचा. त्याला माझा विरोध नाही. पण नसबंदी झालेला बिबट्याही आज रात्री भुकेला असतोच.

मग करायचं काय? जो बिबट्या खरोखर माणसामागे लागला, तो ठशांवरून, कॅमेऱ्यावरून ओळखून धरावा, नाहीतर मारावा. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम 11 तशी परवानगी देतं आणि तिथे हळवेपणा नको. बाकीच्यांसाठी पिंजरा नव्हे, शिवार बदलावं लागेल. पोल्ट्रीवाले मेलेल्या कोंबड्या ओढ्यात टाकतात. त्यावर कुत्री पोसतात, कुत्र्यांवर बिबटे. त्या कोंबड्या खड्ड्यात पुरायला काय जातं? धनगर मेंढरांभोवती जाळी लावतो तिला वाघूर म्हणतात. आपल्या शेळ्या अजून पाचटाच्या छपरात बांधलेल्या असतात. त्या छपराला चारही बाजूंनी आणि वरून जाळी हवी. वरून विसरलात तर उपयोग शून्य, बिबट्या मांजराच्या जातीचा आहे.

पण सगळ्यात मोठी गोष्ट लाईटीची. शेतीपंपाला थ्री फेज पाळीने मिळते, आणि रात्रीची पाळी आली की शेतकरी बॅटरी घेऊन एकटा उसाला पाणी द्यायला, दारं धरायला जातो. वाकून माती ओढणारा माणूस अंधारात बिबट्याला माणूस वाटत नाही, चार पायांचं काहीतरी वाटतं. फडाकडेच्या वस्तीवर अंगणात खेळणारं पोर तर त्याच्या शिकारीच्याच मापाचं असतं. दिवसा वीज देण्यासाठी सौर कृषी वाहिनीची योजना सरकारपाशी आहे. ती आधी बिबट्याच्या गावांत का पोचू नये?

शेतकरी म्हणेल, हा सगळा भार आमच्याच डोक्यावर का? रास्त आहे. जाळी, अंगणातले दिवे, दिवसाची वीज यांचा खर्च सरकारनेच करावा. माणूस गेल्यावर 25 लाख देणाऱ्या तिजोरीला तो जिवंत असताना जाळी परवडत नाही, हे मला पटत नाही.

म्हणून जुन्नर-शिरूरच्या मंडळींना एकच सांगणं. पुढचं निवेदन लिहाल तेव्हा पिंजऱ्यांचा आकडा दुसऱ्या कलमात घाला. पहिल्या कलमात लिहा: आमच्या पंपाला दिवसा लाईट द्या.