पच्चक्खाणातला आगार आजारी बाईसाठीच आहे



पर्युषण पंधरा दिवसांवर आलं की आपल्या बायकांच्या बोलण्यात एकच प्रश्न फिरू लागतो, "यंदा काय करणार?" कुणी अठ्ठम सांगते, कुणी अठ्ठाई, कुणी आठ दिवस एकासणी. प्रश्न प्रेमानेच विचारलेला असतो, आणि दुसरीच्या तपाची अनुमोदना करणं हा आपला चांगला रिवाज आहे. पण जिला आतड्याचा कायमचा आजार आहे, तिला या प्रश्नाचं उत्तर चारचौघींत देता येत नाही. मग ती गप्प बसते किंवा "बघू" म्हणते. काही जणी तर औषध बंद करून उपवासाला बसतात. या शेवटच्या गोष्टीची मला भीती वाटते, म्हणून आज लिहिते आहे.

मला स्वतःला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे, अकरा वर्षं झाली. या आजारात मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येते, जखमा होतात, शौचातून रक्त आणि आव पडते. याचाच भाऊ म्हणावा असा दुसरा आजार म्हणजे क्रोन्स. तो तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो. आपली स्वतःची प्रतिकारशक्तीच आतड्यावर उलटते, असं डॉक्टर सांगतात. हा संसर्गाचा रोग नाही, एकत्र जेवल्याने लागत नाही, आणि तिखट खाल्ल्याने झालेला नसतो. तो पुरता बरा होत नाही, पण औषधाने शांत राहतो. महिनोन् महिने काही त्रास नसतो, आणि मग एखाद्या आठवड्यात दिवसातून आठ-दहा वेळा धावावं लागतं, रात्रीही उठावं लागतं.

बाहेरून काही दिसत नाही, हीच यातली अडचण आहे. मोडलेल्या हाताला प्लास्टर असतं, तापाला थर्मामीटर असतो. आतड्याच्या आजाराला फक्त संडासाच्या फेऱ्या असतात, आणि त्यांबद्दल आपण बोलत नाही. रक्त दिसलं तर मूळव्याध समजून वर्ष-वर्ष घरगुती उपाय करणाऱ्या बायका आपल्यातच आहेत. वारंवार रक्त पडत असेल, रात्री झोपेतून उठून जावं लागत असेल, वजन उतरत असेल, तर पोटाच्या तज्ज्ञाला दाखवून दुर्बिणीची तपासणी करून घ्यायला हवी. आपल्या देशात आतड्याचा क्षयही क्रोन्ससारखाच दिसतो आणि दोन्हींची औषधं अगदी वेगळी आहेत, म्हणून अंदाजाने औषध घेणं धोक्याचं. जपानचे पंतप्रधान शिंझो आबे यांनी २००७ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये पद सोडलं, त्याला हाच कोलायटिस कारण होता. पण त्या दोन राजीनाम्यांच्या मध्ये त्यांनी जवळजवळ आठ वर्षं देश चालवला. म्हणजे आजार माणसाला थांबवतोही, आणि औषध नीट असेल तर कामही करू देतो.

आता तपाकडे येते. आजार भडकलेला असताना रक्त आणि पाणी दोन्ही शरीरातून जात असतं. हिमोग्लोबिन आधीच उतरलेलं असतं. अशा वेळी चौविहार उपवास, म्हणजे पाण्याचा थेंबही नाही, हे शरीराला झेपत नाही. मेसालामाइनसारखी औषधं आजार शांत असतानाही रोज घ्यावी लागतात, ती सोडली की काही आठवड्यांत दुखणं परत येऊ शकतं. आणि कुणाला स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर त्या एकाएकी थांबवणं जिवावर बेतू शकतं, त्या डॉक्टर हळूहळूच कमी करतात. आठ दिवसांच्या तपासाठी औषध सोडलं तर त्याची किंमत कधी कधी दवाखान्यातल्या तीन आठवड्यांनी चुकवावी लागते.

मग अशा बाईने धर्म करायचाच नाही का? माझं म्हणणं उलट आहे. आपल्या धर्माने तिची सोय आधीच करून ठेवली आहे, आपणच ती वापरू देत नाही.

पच्चक्खाण घेताना आपण जे शब्द रोज ऐकतो, त्यांत आगार येतात. आगार म्हणजे आधीच मोकळी ठेवलेली वाट. विसरून काही तोंडात गेलं तर, अचानक काही घडलं तर, मोठ्या कारणासाठी वडीलधाऱ्यांची किंवा संघाची आज्ञा झाली तर, आणि शेवटचा, सव्वसमाहिवत्तियागार. दुखण्याने जीव कासावीस झाला, समाधी टिकेनाशी झाली, तर ती परत आणण्यासाठी औषध-पथ्य घेतलं तरी पच्चक्खाण मोडत नाही, असा त्याचा अर्थ. साध्या नवकारशीपासून उपवासापर्यंत हा आगार आहे. आपण तो पाठ म्हणतो, डोकं लववतो आणि घरी येऊन आजारी सुनेला विचारतो, "तू काहीच नाही केलंस?" मला हे कुणी विचारलं तेव्हा राग आला नाही, पण वाटलं की यांनी पच्चक्खाण इतक्या वेळा ऐकलं आणि एकदाही अर्थ विचारला नाही.

भगवतीसूत्राच्या पंधराव्या शतकात खुद्द महावीर भगवंतांच्या आजाराची कथा आहे. गोशालकाच्या तेजोलेश्येनंतर भगवंतांच्या शरीरात दाह झाला आणि शौचातून रक्त जाऊ लागलं. लोक म्हणू लागले की सहा महिन्यांत यांचं आयुष्य संपणार. ते ऐकून सिंह अनगार एकटेच रडत बसले. भगवंतांनी त्यांना बोलावून घेतलं आणि रेवती श्राविकेच्या घरी पाठवलं. खास माझ्यासाठी केलेलं आणू नकोस, घरात आधीपासून असलेलं दुसरं औषध आण, असं सांगितलं. परंपरेने तो बिजोऱ्याचा पाक सांगतात. रेवतीने तो वहोरावला, भगवंतांनी घेतला आणि ते बरे झाले. त्या दानाने रेवतीने तीर्थंकर नामकर्म बांधलं. मैत्रिणींनो, या कथेत दोन गोष्टी आहेत. तीर्थंकरांनाही शौचातून रक्त गेलं, आणि शास्त्राने ते लिहून ठेवायला लाज मानली नाही. दुसरी, तिथे सर्वांत मोठं पुण्य उपवास करणारीला मिळालं नाही, ते आजाऱ्याला योग्य वस्तू देणाऱ्या घरच्या बाईला मिळालं.

दिगंबर परंपरेत ही कथा मानत नाहीत. पण तिथे आचार्य समंतभद्रांची कथा आहे, ती कोल्हापूर-सांगलीकडच्या आपल्या मैत्रिणींना ठाऊक असेल. त्यांना भस्मक व्याधी झाली, कितीही खाल्लं तरी जळून जावं आणि भूक शमू नये अशी. त्यांनी गुरूंकडे सल्लेखनेची परवानगी मागितली. गुरूंनी नाही म्हटलं. तुमच्याकडून धर्माचं काम अजून व्हायचं आहे, मुनिवेश बाजूला ठेवा, व्याधी बरी करा आणि मग पुन्हा दीक्षा घ्या, असं सांगितलं. मुनीला जर असं सांगता येतं, तर आपण तर संसारी बायका आहोत.

यावर दोन आक्षेप मी नेहमी ऐकते. पहिला असा की आजार हे अशातावेदनीय कर्माचं फळ आहे, तपाने कर्म जळतात, मग तपच औषध नाही का? कर्मसिद्धांत खराच आहे. पण तो स्वतःच्या दुखण्यात समता ठेवण्यासाठी आहे. दुसरीचं दुखणं पाहून "तिचं कर्म" म्हणायला तो सांगितलेला नाही. दुसरा आक्षेप असा की एकीला सूट दिली की सगळ्याच सूट मागतील. मला तसा अनुभव नाही. आपल्या बायका सूट मागण्यात कमी आणि अंगावर काढण्यात जास्त पटाईत आहेत. आणि तत्त्वार्थसूत्र, जे दोन्ही परंपरांना मान्य आहे, तपाचे बारा प्रकार सांगतं. त्यांत अनशन हा एक. ऊनोदरी, वृत्तिसंक्षेप, रसत्याग, स्वाध्याय, ध्यान, विनय हेही त्यातच. शिवाय वैयावृत्त्य, म्हणजे सेवा, आणि ज्यांची सेवा करायची त्या दहांच्या यादीत ग्लान, म्हणजे आजारी साधू, स्वतंत्रपणे मोजला आहे. साधूंसाठी सांगितलेली ही भावना घरातल्या आजाऱ्यापर्यंत यायला काहीच हरकत नसावी. जिला उपवास होत नाही तिच्यासाठी अकरा तप उरतात, आणि जी निरोगी आहे तिला वैयावृत्त्य करायला घरातच संधी आहे.

ती संधी कशी घ्यायची ते आता सांगते, कारण नुसत्या सहानुभूतीने पोट थांबत नाही.

स्वयंपाकघरापासून सुरुवात करू. पर्युषणात आणि अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी नसते, म्हणून आपल्याकडे चवळी, मटकी, हरभरे, वाल शिजतात. सुजलेल्या आतड्याला सालीसकट कडधान्य सर्वांत जड जातं. त्या दिवशी आजारी बाईसाठी बिनसालीच्या मुगाच्या डाळीची मऊ खिचडी किंवा आपली कोकणातली तांदळाची पेज ठेवा. रत्नागिरीत आजाऱ्याला पेज देणं कुणाला शिकवावं लागत नाही. इतर दिवशी दुधी, पडवळ, साल काढलेलं कच्चं केळं चालतं. डॉक्टर उकडलेला बटाटा सांगतात, तेव्हा कंदमूळ नको म्हणून उपाशी राहू नका, त्याच कामाला कच्चं केळं येतं. दूध कुणाला सोसतं, कुणाला नाही, ते तिचं तिला ठरवू द्या. आपल्या काही नियमांचा तर या आजारात फायदाच आहे. उकळलेलं पाणी, शिळं न खाणं, रात्री उशिरा न जेवणं, हे पावसाळ्यात पोटाला जपतं. ते जरूर पाळा.

औषधाचं पाहू. रात्रीची गोळी चौविहारात अडते म्हणून सोडू नका, डॉक्टरांना सरळ विचारा, "सूर्यास्ताआधी बसेल अशी वेळ करून द्याल का?" मेसालामाइन अनेकांना दिवसातून एकदाच घेता येतं. कॅप्सूलचं कवच बहुधा जिलेटिनचं, म्हणजे प्राण्यापासूनचं असतं. त्याऐवजी गोळी मिळते का तेही विचारा, पण उत्तर मिळेपर्यंत औषध थांबवू नका. वेळ जमतच नसेल तर महाराजसाहेबांना किंवा साध्वीजींना खरी अडचण सांगून दुविहार घ्या किंवा आगार समजून घ्या. आजार शांत असेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल तर बियासणं, एकासणं जमूही शकतं. तो निर्णय तिचा आणि डॉक्टरांचा. शेजारणीचा नाही.

उपाश्रय आणि देरासर. संवत्सरी प्रतिक्रमण तीन तासांच्या आसपास चालतं. मधे उठावं लागेल या भीतीने कितीतरी बायका येतच नाहीत. दाराजवळची जागा त्यांच्यासाठी ठेवा, आणि त्या उठल्या तर मान वळवून पाहू नका. रक्त जात असेल त्या दिवसांत अंगपूजा राहील, पण भावपूजा, नवकार, स्वाध्याय कुठे राहतो? उपाश्रय नवा बांधताना किंवा दुरुस्त करताना स्वच्छ, पाणी असलेला, जवळचा संडास हा खर्चाच्या यादीत शेवटी नसावा. चढावे बोलणाऱ्या आपल्या घरातल्या पुरुषांना हे आपणच सांगायचं आहे.

आणि प्रवास. रत्नागिरीहून मोठ्या तपासणीसाठी बहुतेकींना कोल्हापूर किंवा मुंबई गाठावी लागते. आंबा घाटातून एसटीने जायचं म्हणजे आदल्या रात्रीपासून न खाणं आलं. मुंबईला शक्य तर रेल्वेने जावं, डब्यात सोय असते. कुंभोजगिरीची यात्रा काढताना थांबे कुठे आहेत ते आधी सांगितलं तर आजारी बाईही येऊ शकेल. तिला "तू घरीच थांब, तुला त्रास होईल" म्हणणं सोपं आहे. गाडी एकदा जास्त थांबवणं हेच वैयावृत्त्य आहे.

एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवा. दिवसातून सहा किंवा जास्त वेळा रक्तासकट जुलाब, आणि सोबत ताप किंवा छातीत धडधड असेल, तर तिथी कोणतीही असो, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

या पर्युषणात "यंदा काय करणार?" असं विचारायच्या आधी "शातेत आहेस ना?" असं विचारू या. साधू-साध्वींना आपण सुखशाता रोज विचारतो. घरातल्या बाईलाही तीच विचारायची, आणि तिने "नाही" म्हटलं तर पेजेचं पातेलं चुलीवर ठेवायचं.